व्हायकिंग लढायचे कसे, आणि ते आपल्याला कळलं कशावरून

शिंगांच्या टोपापासूनच सुरुवात करू, म्हणजे तो विषय एकदाचा मिटेल. व्हायकिंग म्हणजे स्कँडिनेव्हियातले, आजच्या डेन्मार्क-नॉर्वे-स्वीडनमधले, समुद्रावरून लूट नि व्यापार करणारे लोक. त्यांचा काळ ढोबळमानाने इ.स. 793 ते 1066 असा धरतात. या पावणेतीनशे वर्षांतलं, बऱ्यापैकी पूर्ण म्हणता येईल असं शिरस्त्राण अख्ख्या स्कँडिनेव्हियात एकच सापडलंय. 1943 साली, नॉर्वेत येर्मुंडबू इथे, आणि तेही तुकड्यांत. गोल लोखंडी टोप, डोळे नि नाक झाकणारी चष्म्याच्या आकाराची पट्टी, एवढंच. शिंगं नाहीत. शिंगांची दोन शिरस्त्राणं डेन्मार्कात व्हेक्सोला मिळाली आहेत खरी, पण ती कांस्ययुगातली, इ.स.पूर्व 900 च्या आसपासची. म्हणजे व्हायकिंगांच्या जवळपास सतराशे वर्षं आधीची. आपल्या डोक्यात ही शिंगं पक्की बसवली ती 1876 साली जर्मनीतल्या बायरॉइथच्या रंगमंचाने. वाग्नरच्या ऑपेराची वेशभूषा करणाऱ्या कार्ल डोप्लर यांनी पात्रांना शिंगं नि पंख चढवले, आणि पुढची पोस्टरं, कॉमिक्स, सिनेमे सगळे त्याच वाटेने गेले.

शिंगांबरोबर आणखी एक चित्र आपल्या मनात शिरलंय: तोंडाला फेस आलेला, बेभान होऊन शत्रूवर तुटून पडणारा राक्षसी लढवय्या. पुराव्यात दिसणारा व्हायकिंग वेगळा आहे. तो हिशेबी आहे. समोरासमोरची लढाई तो शक्यतो टाळतो, कारण तिच्यात माणसं मरतात आणि जहाज परत न्यायला वल्ही मारणारे हात लागतात. तो वेळ साधतो, धाक घालतो, खंडणी घेतो, हिवाळ्याला छावणी टाकतो नि पुढे सरकतो. हे कशावरून म्हणायचं, हा प्रश्न मला त्यांच्या शौर्यापेक्षा जास्त रंजक वाटतो.

आधी साक्षीदार तपासू. व्हायकिंगांकडे रून लिपी होती, पण तिचा उपयोग दगडावर, लाकडावर, हाडावर दोनचार ओळी कोरण्यापुरता. सविस्तर लिहिलं ते मार खाणाऱ्यांनी, आणि त्या काळी लिहिता येणारे बहुतेक सगळे मठात होते. मठात चांदीसोन्याची भांडी होती, पहारा नव्हता. साहजिकच पहिला दणका तिथेच बसला. जून 793 मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळचा लिंडिसफार्नचा मठ लुटला गेला. फ्रँक लोकांचा (आजच्या फ्रान्स-जर्मनीकडचा) राजा शार्लमेन याच्या पदरी असलेला विद्वान अल्क्विन याने त्यावर कळवळून पत्रं लिहिली. त्या पत्रांत हल्ला कसा झाला याचा तपशील फारसा नाही. देवाने आपल्या पापांची शिक्षा का दिली याचीच चर्चा जास्त. आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या वार्षिक नोंदी त्या मानाने कोरड्या आणि म्हणून जास्त उपयोगी: 806 साली स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर 68 जणांची कत्तल, 821 साली डब्लिनजवळच्या होथहून मोठ्या संख्येने बायका पळवून नेल्या. ही दुसरी नोंद नीट वाचावी. लूट म्हणजे फक्त चांदी नव्हे. माणसं हा विकायचा माल होता.

आकड्यांच्या बाबतीत तर हे साक्षीदार बिनभरवशाचे. 885-86 मध्ये पॅरिसला वेढा पडला तेव्हा आबो नावाचा भिक्षू स्वतः गावात होता. त्याने लिहिलेल्या लॅटिन काव्यात व्हायकिंगांची जहाजं सातशे आहेत. कवीला गोल आकडे आवडतात. दुसऱ्या टोकाला दक्षिण इंग्लंडातल्या वेसेक्स राज्याचा राजा इने याचा सातव्या शतकाच्या शेवटचा कायदा आहे. त्यात म्हटलंय की सात जणांपर्यंत असतील तर चोर, सात ते पस्तीस असतील तर टोळी, आणि पस्तीसच्या वर गेले की सैन्य. म्हणजे जुन्या इंग्रजी नोंदीत ‘सैन्य आलं’ असं असेल तर ते चाळीस जणांचंही असू शकतं आणि चार हजारांचंही.

मग आइसलँडच्या सागा, म्हणजे गद्यातल्या वीरकथा. वाचायला बहारदार, संवाद चटकदार, एकेका वाराचं वर्णन साग्रसंगीत. पण त्या लिहिल्या गेल्या मुख्यतः तेराव्या शतकात, म्हणजे घटनांनंतर दोनशे-तीनशे-चारशे वर्षांनी. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही, बखरी आपल्याला ठाऊक आहेत. अस्सल कागदाच्या एका चिठोऱ्यापुढे बखर टिकत नाही असं इतिहासाचार्य राजवाडे सांगत आले. व्हायकिंगांच्या बाबतीत असा कागद जवळजवळ नाहीच. तिथे चिठोऱ्याचं काम करतात ती हाडं, चांदीचे तुकडे आणि जहाजाच्या फळ्या.

जहाजावर जरा थांबायला हवं, कारण सगळं युद्धतंत्र त्याच्यावर उभं होतं. 1880 साली नॉर्वेत गोकस्टाड इथल्या एका ढिगाऱ्याखालून एक अख्खं जहाज निघालं. लांबी 23 मीटरच्या वर, वल्ह्यांच्या सोळा जोड्या, आणि दोन्ही कडांना मिळून 64 ढाली, आलटून पालटून काळ्या नि पिवळ्या. सोबत पुरलेल्या माणसाच्या पायांच्या हाडांवर वार आहेत. तो लढाईत मेला असावा. या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती 1893 साली अटलांटिक ओलांडून अमेरिकेला गेली, शिकागोच्या प्रदर्शनासाठी. तेव्हा ही जहाजं खुल्या समुद्रात टिकत होती का, या वादाचा निकाल लागला.

खरी गंमत मात्र तळात आहे. अशा जहाजाला तरंगायला मीटरभर पाणी पुरतं. त्यामुळे बंदर लागत नाही. वाळूवर थेट चढवता येतं, आणि नदीत शिरून देशाच्या पोटात शंभर-शंभर किलोमीटर आत जाता येतं. फ्रान्स-इंग्लंडातल्या सेन, लुआर, टेम्स, ट्रेंट या नद्या म्हणजे व्हायकिंगांचे हमरस्ते झाले. राजाला खबर लागून, शेतावरची माणसं गोळा होऊन फौज निघेपर्यंत पाहुणे पसार. रस्ते चिखलाचे असण्याच्या काळात हा वेगच अर्धी लढाई जिंकून द्यायचा.

डेन्मार्कात रोस्किल्ड इथे खाडीची वाट अडवायला 1070 च्या सुमारास काही जुनी जहाजं दगड भरून मुद्दाम बुडवली होती. 1962 मध्ये ती बाहेर काढली. त्यांतलं एक, स्कुल्डेलेव्ह-2, तीस मीटर लांबीचं युद्धनौकेचं धूड. लाकडातली वाढीची वर्तुळं मोजून जुळवली तर कळलं की ओक तोडला होता 1042 मध्ये, आणि तो ओक डेन्मार्कचा नव्हताच. डब्लिनच्या परिसरातला होता. साठेक वल्हेकऱ्यांचं हे जहाज आयर्लंडमधल्या व्हायकिंगांनी बांधलेलं. त्याची प्रतिकृती 2007 साली रोस्किल्डहून डब्लिनला वल्हवत नि शीड उभारून नेली आणि पुढच्या वर्षी परत आणली. शिडाबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: ते लोकरीचं असे. एवढं मोठं शीड म्हणजे कित्येक मेंढ्यांची लोकर आणि बायकांची महिनोन्‌महिन्यांची सूतकताई, विणकाम. मोहिमेची तयारी घरच्या मागावरून सुरू व्हायची.

हे सगळं 793 ला अचानक उपटलं असंही नाही. एस्टोनियातल्या सारेमा बेटावर, साल्मे गावात, 2008 मध्ये खोदकाम करताना हाडं लागली आणि पुढच्या काही वर्षांत तिथून दोन जहाजं निघाली. लहानात सात माणसं, मोठ्यात 34. काळ इ.स. 750 च्या आसपास, म्हणजे लिंडिसफार्नच्या चाळीसेक वर्षं आधी. मोठ्या जहाजातली माणसं थरावर थर रचलेली, वर ढाली पांघरलेल्या, शेजारी तलवारी. हाडांवर वार, फळ्यांत घुसलेले बाण. शेकडो सोंगट्या सोबत ठेवलेल्या, आणि एका माणसाच्या तोंडात तर पटावरच्या राजाची सोंगटी. दातांच्या तपासणीवरून ही मंडळी मध्य स्वीडनची. डीएनए पाहिलं तेव्हा आढळलं की शेजारी शेजारी पडलेले चौघं सख्खे भाऊ होते. मोहिमेवर घरचीच माणसं निघायची, हे सागा सांगतात ते इथे हाडांनी सांगितलं. गंमत म्हणजे सोबत शिकारी कुत्रे नि ससाणेही आहेत. लुटायला निघालेला माणूस ससाणा कशाला घेईल? कदाचित ही कुणा राजाकडे निघालेली वकिलात असेल आणि वाटेत घात झाला असेल. व्यापारी, वकील आणि लुटारू हे त्या काळी वेगवेगळे धंदे नव्हतेच. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्टलंडला 789 च्या सुमारास तीन जहाजं लागली तेव्हा राजाचा अधिकारी त्यांना व्यापारी समजून, रीतसर राजवाड्याकडे न्यायला गेला. त्याला जागीच ठार केलं.

हत्यारांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याबद्दल खूप लिहिलं गेलंय. सगळ्यांकडे असे तो भाला. स्वस्त, लांब, फेकायला नि भोसकायला दोन्हीला चालणारा. कुऱ्हाड घरचीच, पण लढाईची खास कुऱ्हाड पातळ पात्याची नि हलकी असे. सिनेमातलं ते दहा किलोचं प्रकरण कुणी तासभर फिरवू शकणार नाही. ढाल गोल, मऊ लाकडाच्या पातळ फळ्यांची, मध्ये हाताला जपणारी लोखंडी वाटी. कड्यांचं चिलखत श्रीमंतांनाच परवडे. तलवार म्हणजे मिरवायची वस्तू. सर्वांत नावाजलेली ती पात्यावर ‘उल्फबर्ट’ ही अक्षरं लोखंडाने जडवलेली. अशा शंभराहून जास्त तलवारी युरोपभर मिळाल्या आहेत. आणि ही घडवली कुठे, तर फ्रँक लोकांच्या मुलखात, ऱ्हाईनच्या बाजूला. ज्यांना लुटायचं त्यांच्याकडूनच तलवार घ्यायची! हा व्यापार इतका वाढला की 864 मध्ये फ्रँकांचा राजा शार्ल द बाल्ड याने नॉर्मनांना, म्हणजे व्हायकिंगांना, चिलखत, हत्यार किंवा घोडा विकणाऱ्याला मृत्युदंड ठरवला. असा कायदा काढावा लागला, यावरूनच विक्री कशी चालू होती ते कळतं.

समोरासमोर गाठ पडलीच तर ढालीला ढाल भिडवून रांग धरायची आणि मागून भाले चालवायचे, हे वर्णन कवितांत नि इतिवृत्तांत वारंवार येतं. प्रत्यक्षात त्या रांगेत माणसाचं काय होत असे? त्यासाठी इंग्लंडच्या मधोमध, डर्बीशरमधल्या रेप्टन गावी जावं लागतं.

आधी पार्श्वभूमी. 865 मध्ये पूर्व इंग्लंडच्या किनाऱ्यावर जी फौज उतरली तिला अँग्लो-सॅक्सन इतिवृत्त (इंग्लंडमधली त्या काळची सालवार नोंदवही) ‘मोठं सैन्य’ म्हणतं. ही उन्हाळी लूट नव्हती. तिथल्या लोकांनी लढण्याऐवजी तह केला आणि घोडे दिले. घोडे मिळताच फौज निघाली यॉर्ककडे, का, तर तिथे गादीवरून दोन राजे आपसात लढत होते. 1 नोव्हेंबर 866 ला, सर्व संतांच्या सणादिवशी, यॉर्क पडलं. सणाचा दिवस निवडणं ही जुनी खोड: फ्रान्समधल्या नांतवर 843 साली सेंट जॉनच्या दिवशी हल्ला झाला होता. सणाला गावात गर्दी, चर्चमध्ये ऐवज बाहेर काढलेला, पहारेकरी खुशीत. पुढे 878 च्या जानेवारीत, नाताळचे बारा दिवस संपता संपता, ऐन थंडीत चिपनमला वेसेक्सच्या आल्फ्रेड राजावर असाच अचानक घाला घातला. त्या हवामानात कुणी लढायला निघत नाही, हेच तर कारण.

ही फौज दरवर्षी हिवाळ्याला एका जागी मुक्काम टाकायची. 872-73 चा हिवाळा टॉर्क्सीला, 873-74 चा रेप्टनला. दोन्ही ट्रेंट नदीकाठी. रेप्टनचं चर्च म्हणजे मध्य इंग्लंडातल्या मर्सिया राज्याच्या राजांचं दफनस्थान. तिथे तळ ठोकणं म्हणजे नाक दाबणं होतं, आणि मर्सियाचा राजा बर्ग्रेड खरोखरच राज्य सोडून रोमला निघून गेला. 1974 पासून मार्टिन बिडल आणि बिर्थे क्यॉल्बी-बिडल या जोडप्याने इथे उत्खनन केलं. चर्चलाच दरवाजा बनवून दोन्ही बाजूंनी नदीपर्यंत खणलेला खंदक मिळाला, आणि चर्चशेजारी काही थडगी.

त्यांतलं 511 क्रमांकाचं थडगं. पस्तीस ते पंचेचाळीस वयाचा पुरुष, उंच. गळ्यात मणी नि चांदीचा छोटा हातोडा, थॉर देवाचा. डाव्या बाजूला तलवार, म्यानाला आतून लोकरीचं अस्तर. डोळ्याच्या खोबणीपाशी भाल्यासारख्या टोकाचा वार. आणि डाव्या मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक खोल घाव. रांगेत उभ्या माणसाची ढाल धड झाकते, मांडी उघडी राहते. किंवा तो पडल्यावर वरून घातलेला हा वार असेल. ज्या कोनातून तो बसलाय त्यात गुप्तांगही तुटलं असणार. पुरणाऱ्यांनी त्याच्या मांड्यांमध्ये रानडुकराचा सुळा ठेवलाय. परलोकात माणूस अपुरा जाऊ नये म्हणून केलेली ही तजवीज, असा अर्थ लावतात, आणि मला तो पटतो. त्याच्या बाजूलाच विशीच्या आतबाहेरचा एक तरुण, डोक्यावर घाव असलेला. डीएनएनुसार दोघांचं नातं बापाकडून लागतं, बहुधा बाप-लेकच.

रेप्टनला आणखी एक गोष्ट मिळाली आणि तिने बरीच वर्षं डोकेदुखी केली. चर्चच्या पश्चिमेला एक जुनी दोन खोल्यांची इमारत होती. तिच्या भिंती छाटून, आत किमान 264 माणसांची हाडं रचून वर ढिगारा घातलेला. त्यात बहुसंख्य पुरुष, ऐन उमेदीच्या वयाचे. सोबतची नाणी 870 च्या दशकातली. सगळं जुळत होतं: हीच ती फौज. पण हाडांतल्या कार्बनवरून वय काढणाऱ्या रेडिओकार्बन चाचणीत काही हाडं सातव्या-आठव्या शतकातली निघाली, म्हणजे व्हायकिंग येण्याच्या शंभर-दोनशे वर्षं आधीची. मग ही जुन्या मठातली माणसं म्हणायची का? उलगडा झाला 2018 मध्ये, आणि तो जेवणाच्या ताटात होता. समुद्राच्या पाण्यातला कार्बन जमिनीवरच्या कार्बनपेक्षा ‘जुना’ असतो, कारण तो खोल पाण्यात शतकानुशतकं फिरत राहतो. समुद्रातले मासे खाल्ले की तो माणसाच्या हाडांत येतो, आणि चाचणीत माणूस आहे त्यापेक्षा जुना दिसतो. कॅट जार्मन आणि सहकाऱ्यांनी प्रत्येकाच्या आहारात मासे किती होते ते हाडांतूनच काढलं, त्याप्रमाणे तारखा दुरुस्त केल्या, तर सगळी हाडं नवव्या शतकाच्या शेवटी येऊन बसली. पाचात एखादी बाईही त्यांत आहे. (याच ढिगाऱ्यातून अकीकाचा एक लालसर मणीही निघाला. असे मणी गुजरातच्या बाजूने निघून व्यापारी वाटांनी उत्तरेला जात, असं मानलं जातं. ट्रेंटकाठच्या त्या ढिगाऱ्यात आपल्या बाजूचा दगड!)

एक कोडं तरीही उरत होतं. रेप्टनचा तो खंदकाआडचा तळ अर्ध्या हेक्टरहूनही लहान. एवढ्यात ‘मोठं सैन्य’ मावणार कसं? इतिहासकार पीटर सॉयर यांनी 1960 च्या सुमारास असंच म्हटलं होतं की ही सैन्यं काही शेकड्यांचीच असणार, भिक्षूंनी फुगवून सांगितलं. उत्तर टॉर्क्सीच्या नांगरलेल्या शेतांतून आलं. तिथे खोदण्याआधी बरीच वर्षं मेटल डिटेक्टर घेऊन हौशी माणसं फिरत होती, आणि त्यांतल्या शहाण्यांनी कुठली वस्तू नेमकी कुठे मिळाली हे टिपून ठेवलं. डॉन हॅडली आणि ज्युलियन रिचर्ड्स यांनी त्या नोंदी नकाशावर मांडल्या तर तळाचा पसारा निघाला सुमारे 55 हेक्टर. इथे शेकडो नव्हे, हजारो माणसं राहिली होती.

आणि काय काय सोडून गेली! चांदीच्या अरबी दिरहमांचे तुकडे शंभराच्या वर, बगदादकडच्या मुलखातून रशियाच्या नद्यांवरून आलेले. दागिने कापून केलेले चांदी-सोन्याचे तुकडे. तोलायची वजनं. हातात पडणारी चांदी इथे नाणं म्हणून मोजली जात नव्हती, तोलली जात होती. लुटीची वाटणी नि खरेदी दोन्ही तराजूवर. मासेमारीची शिशाची वजनं, चात्या नि सुया, म्हणजे बायका होत्या आणि शिडांची डागडुजी चालली होती. आणि शिशाच्या सोंगट्या, तीनशेहून अधिक. हिवाळाभर करणार काय? बसून डाव मांडायचे. शिसं बहुधा चर्चच्या छपरांतून उचकटलेलं. या सोंगट्या इतक्या ठळकपणे व्हायकिंग छावणीच्या आहेत की आता दुसरीकडे कुठे त्यांचा साठा मिळाला तर संशोधक तिथे फौजेचा तळ शोधायला लागतात.

हा तळ पाहिला की ती फौज कशी होती ते कळतं: चालतं-फिरतं गाव, कारागीर, व्यापारी, बायका, मुलं, गुलाम असं सगळं. 876 मध्ये तिच्या एका भागाने उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रियाची जमीन वाटून घेतली आणि इतिवृत्ताच्या शब्दांत सांगायचं तर ते नांगर धरून पोट भरू लागले.

धाकाचा हिशेबही पाहू. 845 मध्ये व्हायकिंग सेन नदीतून पॅरिसवर चालून आले तेव्हा राजा शार्लची फौज दोन्ही काठांवर विभागलेली होती. व्हायकिंगांनी लहान तुकडी गाठून फोडली, आणि त्या काळच्या एका वृत्तांतानुसार 111 कैद्यांना दुसऱ्या काठावरच्या तुकडीला दिसेल असं फासावर लटकवलं. लढाई तिथेच संपली. पॅरिस सोडायचे 7,000 पौंड चांदी मिळाली. इंग्लंडने 991 मध्ये 10,000 पौंड दिले. 1018 मध्ये डॅनिश राजा क्नुटने, तेव्हा तो जिंकून बसलाही होता, 72,000 पौंड वसूल केले, लंडनचे 10,500 वेगळे. इंग्लंडची त्या काळातली चांदीची नाणी आज इंग्लंडपेक्षा स्कँडिनेव्हियात जास्त सापडतात. आणि इथे घेणाऱ्याची स्वतःची बाजूही दगडावर मिळते. स्वीडनच्या उपलँड भागात इटरगेर्डे इथला रूनशिळेचा मजकूर असा: उल्फने इंग्लंडात तीन वेळा खंडणी घेतली, पहिली टोस्टीने दिली, मग थोर्केलने, मग क्नुटने. ना शौर्याचं वर्णन, ना शत्रूचं नाव. पगाराची नोंद वाटावी इतकं कोरडं.

हिशेब कधी उलटायचाही. 2009 साली इंग्लंडमध्ये वेमथजवळ रिजवे टेकडीवर रस्ता बांधताना एक खड्डा लागला. त्यात पन्नासहून जास्त तरुण पुरुषांची धडं एका बाजूला, 51 कवट्या दुसऱ्या बाजूला. काळ 970 ते 1025 च्या दरम्यानचा. दातांचं एनॅमल लहानपणीच घडतं आणि त्या वेळी प्यायलेल्या पाण्याची खूण त्यात कायमची राहते. त्यावरून ही मंडळी स्कँडिनेव्हियाची, एक तर थेट आर्क्टिक वर्तुळापलीकडचा. हाताच्या हाडांवर वार, म्हणजे वाचायला हात मध्ये घातलेले. बहुतेकांच्या अंगावर जुन्या लढायांच्या खुणा नाहीत. नवशिकी पोरं पकडली गेली असावीत. ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजच्या आवारात 2008 मध्ये अशीच पस्तीसेक तरुणांची हाडं निघाली, काही भाजलेली, पाठीत वार असलेली. 13 नोव्हेंबर 1002 ला एथेलरेड राजाने इंग्लंडातल्या डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या, लोकांना मारायचा हुकूम दिला होता, त्याच्याशी अनेक जण ती जोडतात.

बेभान ‘बर्सर्कर’ लढवय्यांचं काय? स्कॉटलंडच्या ल्युइस बेटावर 1831 मध्ये मिळालेल्या बुद्धिबळाच्या सोंगट्यांत ढाल दातांनी चावणारे शिपाई आहेत. पण त्या बाराव्या शतकातल्या. विषारी अळिंबी खाऊन ते पिसाळायचे ही कल्पना तर 1784 सालची, सॅम्युएल ओडमान या स्वीडिश अभ्यासकाची. त्या काळातला एकही पुरावा तिच्या बाजूने नाही. फासळ्या उघडून ‘रक्तगरुड’ करण्याची शिक्षाही कवितेच्या एका संदिग्ध ओळीवर उभी आहे. तशा खुणांचा सांगाडा कुठे मिळालेला नाही.

बायका लढत का, हा वाद मात्र खरा आहे. स्वीडनमधल्या बिर्काच्या 581 क्रमांकाच्या थडग्यात तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, ढाली, दोन घोडे आणि सोंगट्यांचा संच होता. 1878 मध्ये ते उघडल्यापासून सव्वाशे वर्षांहून जास्त काळ सगळे म्हणत आले, हा सेनानी. 2017 मध्ये डीएनएने सांगितलं, ही बाई. लगेच आक्षेप सुरू झाले: थडग्यात हत्यारं असली म्हणून माणूस लढला असं थोडंच? मुद्दा रास्त आहे. फक्त तो सांगाडा पुरुषाचा समजला जात होता तोवर कुणाला सुचला नाही.

एवढा चलाख प्रकार थांबला कसा? शूरपणे भिडून नव्हे, वाट अडवून. शार्ल द बाल्डने 860 च्या दशकात नद्यांवर तटबंदीचे पूल बांधायला घेतले. 885-86 मध्ये पॅरिसने वेढा सोसला तो पुलांच्या जोरावर. पुलाखालून जाता येईना तेव्हा व्हायकिंगांनी जहाजं जमिनीवरून ओढून शहराच्या पलीकडे नेली, तो भाग वेगळा. आल्फ्रेडने वेसेक्समध्ये सुमारे तीस तटबंद ठाणी अशी पेरली की कुठल्याही गावातून ठाणं एका दिवसाच्या चालीवर यावं, आणि प्रत्येकाला किती माणसं लागतील याची यादीही पुढे झाली. 895 मध्ये एक फौज लंडनच्या उत्तरेला ली नदीत वीस मैल आत शिरून बसली होती. आल्फ्रेडने घोड्यावरून काठाकाठाने फिरून जागा हेरली आणि खालच्या बाजूला नदीच्या दोन्ही तीरांवर एकेक गढी बांधायला काढली. गढ्या पुऱ्या होण्याआधीच व्हायकिंगांच्या लक्षात आलं की जहाजं आता बाहेर निघत नाहीत. ती तिथेच टाकून ते जमिनीवरून पार सेव्हर्न नदीपर्यंत चालत गेले. लंडनच्या लोकांनी चांगली जहाजं शहरात आणली, उरलेली फोडून टाकली. पुढच्या उन्हाळ्यात फौज फुटली. इतिवृत्त लिहितं की काही जण पूर्व अँग्लियात गेले, काही नॉर्थम्ब्रियात; आणि ज्यांच्यापाशी पैसा नव्हता त्यांनी जहाजं मिळवली नि समुद्रापार सेन नदीकडे निघाले.